धोब्याच्या पाटीवरची गणितं

पदार्थविज्ञानाचं ते पुस्तक मी कधी वाचलं नाही. ते उर्दूत होतं आणि मला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. तरी त्यातली गणितं मी सोडवली, आणि एक-दोन नाही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी. हे सांगितलं की आजकालची मुलं हसतात. हसू देत.

मी लातूरची, मला दिली नांदेडला. निजामाचं राज्य होतं, लढाईचे दिवस होते, साखर-रॉकेल मोजून मिळायचं. माझं पंधरावं सरलं होतं. वडील लातुरात मुलांना गणित शिकवायचे आणि घरात मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी हौसेनं मलाच त्रैराशिक, अपूर्णांक, काम-काळ-वेग सगळं शिकवून टाकलं. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकवलंत, आता ते कुठं ठेवायचं तिनं?"

सासरी अकरा माणसं आणि तीन खोल्या. पुढं ओसरी, ती पुरुषांची. मधलं माजघर, तिथं रात्री आम्ही बायका झोपायचो. मागं स्वयंपाकघर. त्याला खिडकी नव्हती, धुराडं होतं. मागच्या दारी विहीर, विहिरीभोवती पुरुषभर उंच भिंत. गोदावरी घरापासून हाकेच्या अंतरावर, पण वर्षातून चार-पाच सणांना दिसायची तेवढीच. पहाटे उठून चुलीपुढं बसायचं आणि दिवस मावळेपर्यंत त्या धुरातच फिरायचं. पहिले सहा महिने मला वाटायचं, आपल्याला कुणीतरी इथं ठेवून विसरून गेलंय.

नवऱ्याशी दिवसा, वडीलधाऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. आणि वडीलधारं माणूस समोर नाही असा दिवस त्या घरात उगवत नव्हता. रात्री हे ओसरीवर, मी माजघरात. वेगळी खोली मिळायला थोरल्या दिरांनी वेगळं व्हायला हवं होतं, आणि ते काही होत नव्हते. लग्न होऊन वर्ष झालं तरी ह्यांच्याशी मी सलग दहा वाक्यं बोलले नव्हते.

हे तेव्हा एकोणीस वर्षांचे. फौकानियात, म्हणजे तेव्हाच्या हायस्कुलात, शेवटच्या वर्गात दुसऱ्यांदा बसलेले. आदल्या वर्षी पदार्थविज्ञानात गटांगळी खाल्ली होती. उर्दू फर्डी, फारसीसुद्धा बरी, पण आकडा समोर आला की ह्यांचा चेहरा उतरायचा. मास्तर रोज पाच सवाल घरी सोडवायला द्यायचे. न आणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचे, आणि एकोणीस वर्षांच्या, लग्न झालेल्या माणसाला बाहेर उभं राहणं फार लागायचं.

एक दिवस मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर कुणाला तरी सांगत होते. ते तहसिलीत पेशकार होते, निवृत्त झालेले. "यंदा पास झाला की लातूरच्या कचेरीत चिकटवून देतो. शब्द घेतला हाय साहेबाचा. मग तिथंच बिऱ्हाड करून देऊ दोघांचं."

मी आत भाकरी थापत होते. हात तसाच राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यावरून अर्धा तास ऐकवलं. मला एक शब्दही लागला नाही. लातूर! स्वतःची चूल, आणि त्या चुलीजवळ खिडकी. त्या दिवसापासून मला एवढं एकच कळत होतं की हे पास व्हायला हवेत.

ह्यांची अभ्यासाची रीत अशी की पुस्तकातला उर्दू सवाल आधी मराठीत करून मोठ्यानं म्हणायचा. ओसरीत बसून म्हटलेलं माझ्यापर्यंत स्पष्ट यायचं. आत्याबाईंना वाटायचं, मुलगा केवढा अभ्यास करून राहिलाय. मुलगा तोच एक सवाल पुन्हा पुन्हा म्हणत असायचा.

"दहा पौंड पाणी नव्वद अंशांवर, त्यात वीस पौंड पाणी तीस अंशांवरचं मिसळलं, तर मिश्रण किती अंशांवर?"

हे मी त्या दिवशी मोजून अकरा वेळा ऐकलं. आंघोळीच्या पाण्याला विसण घालायचं काम माझ्याकडेच होतं. रोज अकरा माणसांचं पाणी मी हातानं बघून कडत-कोमट करायची, आणि हा माणूस तिकडं पोथीसारखं म्हणत बसलाय! माझं डोकं उठलं. मागच्या दाराशी धोब्याच्या कपड्यांची पाटी टांगलेली असायची. धोब्याला अक्षर येत नव्हतं, तो सुतळीला गाठी मारून मोजायचा; पाटी आपल्या घरच्या खात्रीसाठी, आणि ती लिहायचं काम माझं. मी त्या पाटीवर खाली लिहिलं:

लुगडी ९००
चादरी ६००
एकूण १५००
मळकी ३०
धोतरं ५०

नुसते आकडे लिहिले असते तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून कपड्यांची नावं घातली; शेवटची धोतरं म्हणजे उत्तर, पन्नास अंश. हे जेवायच्या आधी हात धुवायला मागच्या दारी आले. पाटीकडं बघितलं. पुन्हा बघितलं. मग मान वळवून स्वयंपाकघराकडं बघितलं, आणि मी पटकन पदर पुढं ओढून चुलीत फुंकर घातली. जेवताना ह्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

झालं, रोजचं होऊन बसलं. हे सवाल म्हणायचे, मी कणिक मळता मळता ऐकायची, दुपारी बायका लवंडल्या की पाटीवर उत्तर मांडायची. नवा धडा आला की आधी धड्यातलं सगळं मराठीत करून मोठ्यानं म्हणायचे, तेही माझ्यासाठीच. आमच्या घरची धोतरं कधी चव्वेचाळीस असायची तर कधी सव्वातीन. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. जाऊबाईंना येत होतं, पण त्यांनी पाटीकडं कधी ढुंकूनही बघितलं नाही.

चूक एकदाच झाली. सवाल असा होता की कप्पीवरून दहा पौंडांची बादली वर ओढायची, तर दोराला किती जोर लावावा लागेल. मी लिहिलं, धोतरं १२. मास्तरांनी ह्यांना विचारलं, बारा कुठून आणले? ह्यांना काय सांगता येणार! दुसऱ्या दिवशी ओसरीतून आवाज आला, जरा घुश्शातच, "जोर दहाच! कप्पीला घर्षण नाही असं समजायचं!" मला इतका राग आला म्हणून सांगू. आमच्या विहिरीचा रहाट अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा करकरायचा. दिवसाला चाळीस बादल्या मी ओढायची, दहाची बादली दहाच्या जोरावर वर येत नाही हे माझ्या खांद्यांना ठाऊक होतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं एक दिवस येऊन ओढून बघायचं होतं पाणी. पण मला मार्क हवे होते, लातूर हवं होतं. मी पुढच्या वेळी गुमान दहा लिहिलं.

मास्तर ह्यांच्यावर खूश झाले. तीन महिन्यांत वर्गात ह्यांची वही पहिली. आम्ही दोघं मिळून एक चांगला विद्यार्थी झालो होतो. उर्दू ह्यांचं आणि गणित माझं. यात काही वावगं आहे असं मला तोवर वाटलंही नव्हतं.

संक्रांतीला, ह्यांच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा, मी लातूरला गेले. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, दर चढावाला थांबायची. माहेरी पोचल्यावर मी वडिलांना मोठ्या अभिमानानं पाटीची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. ते सुपारी कातरत होते, थांबले.

"परीक्षेला कोण बसणार हाय, पोरी? तू का ते?"

"ते," मी म्हटलं.

"मग तू पास करून न्हाई राहिलीस त्यांला. झाकून ठेवून राहिलीस. मास्तरला कळंना, त्यांच्या बापाला कळंना. कळंल ते परीक्षेच्या दिवशी."

माहेरचे ते पंधरा दिवस मला गोड लागले नाहीत. माझ्याच हातानं मी दाराला बाहेरून कडी घातली होती. ह्यांना कधीच काही आलं नव्हतं, आणि ते येत नाही हे दिसायची सोयही मीच काढून टाकली होती.

परत आल्यावर मी पाटीवर फक्त पहिली पायरी लिहायला लागले. पुढचं ह्यांनी करावं. ह्यांना ते कळलं नाही, वाटलं, विसरली. सवाल आणखी मोठ्यानं म्हणू लागले. तरी मी एकच ओळ लिहिली. मग जेवताना ताट सारून उठले. आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं गं त्याला? मीठ जास्त झालं का आमटीत?" मी म्हटलं, हो, माझंच चुकलं. चार दिवस ह्यांनी अर्धं जेवून ताट सारलं आणि चार दिवस मी आमटीच्या नावानं बोलणी खाल्ली, पण दुसरी ओळ काही लिहिली नाही. तो माणूस वर्गाबाहेर उभा राहत होता आणि मला आत रडू येत होतं. समोर जाऊन एक वाक्य बोलता आलं असतं तर सगळं मिटलं असतं. पंधरा पावलांवर ओसरी होती.

पाचव्या दिवशी मामंजी हात धुवायला मागं आले आणि चष्मा लावून पाटीसमोर उभे राहिले. घरात एक धोतर कमी भरत होतं म्हणून ते धोब्याचा हिशेब बघायला आले होते.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. मी दाराआड उभी राहिले. "आपल्या घरात एक लाख अठ्ठावन्न हजार चारशे चादरी कधी झाल्या?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मग जे खरं होतं तेच तोंडातून गेलं. "तीस मैलांचे फूट आहेत ते," मी म्हटलं.

मामंजींनी पाटी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. पेशकार माणूस, आयुष्यभर लोकांचे कागद तपासलेले. दोन आणि दोन चार करायला त्यांना वेळ लागला नाही. आत्याबाई येऊन म्हणाल्या, "काय केलं हिनं?" मामंजी म्हणाले, "तू आत जा." मग ओसरीकडं तोंड करून ह्यांना हाक मारली.

मला वाटलं, आता पाटी फुटणार. पण मामंजींना मुलगा पास व्हायला हवा होता आणि तेवढ्यापुरतं त्यांना बाकी काही दिसत नव्हतं. त्यांनी माजघराच्या उंबऱ्यावर पाट मांडला आणि स्वतः त्यावर बसले. बाहेर ओसरीत हे वही घेऊन, आत मी निवडायचे तांदूळ घेऊन. "आता हिला काय सांगायचं ते मला सांग, अन् तुला काय सांगायचं ते ती मला सांगंल," ते म्हणाले. "रीत सोडायची न्हाई."

त्या घरात तसला तमाशा पूर्वी झाला नव्हता. आत्याबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, त्याचं मला सुखच झालं.

"त्यांना म्हणावं, आधी मैलांचे फूट करायचे," मी म्हणायची.

"मैलांचे फूट कर," मामंजी.

"कशाला?" हे.

"हा विचारून राहिला, कशाला?"

"उत्तर फुटांत मागितलंय म्हणून."

"उत्तर फुटांत हाय म्हणून, गाढवा!" गाढवा हे मी म्हटलेलं नसायचं. पण कधी कधी मनात असायचं, आणि मामंजी ते नेमकं पोचवायचे.

दहा-बारा आठवडे असे गेले. मामंजींच्या गुडघ्याला उंबऱ्याचा वळ पडला. एक मैल म्हणजे पाच हजार दोनशे ऐंशी फूट हे त्यांनाच आधी पाठ झालं. पण ह्यांच्यात फरक पडत गेला. सुरुवातीला 'किती' एवढंच विचारायचे, मग 'का' विचारायला लागले. एक दिवस ह्यांनी अख्खा सवाल एकट्यानं सोडवला आणि उत्तर मामंजींना न सांगता, त्यांच्या डोक्यावरून, सरळ आत टाकलं, "साठ. बरोबर का?" मामंजी उंबऱ्यावर डुलक्या घेत होते. मी म्हटलं, "बरोबर." लग्नानंतर आम्ही एकमेकांशी उघड बोललेलं ते पहिलं बोलणं, आणि मला ते अजून कानात आहे. त्या आठवड्यांत मी त्या घरात सुखी होते, हे कबूल करायला हवं.

हे पास झाले. नुसते पास नाही, पदार्थविज्ञानात वर्गात दुसरे. मास्तर स्वतः घरी आले पेढे खायला. मी आत मनातल्या मनात भांडी बाजूला काढत होते. लग्नातला तांब्याचा हंडा, दोन पातेली, माझं स्वतःचं पोळपाट-लाटणं. मास्तर ओसरीत बसून म्हणाले, "पेशकारसाहेब, इतका जहीन लडका, त्याला कचेरीत कारकून करताय? हैदराबादला कॉलेजात पाठवा. सायन्स द्या."

मामंजी म्हणाले, "वा! हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं आलं."

आणि ठरलं. तेवढ्या वेळात ठरलं, पेढा तोंडात विरघळायच्या आत. चार वर्षं हैदराबाद, वसतिगृहात राहायचं. बायको कशी राहणार वसतिगृहात? ती इथंच. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते, आता हे बोलतील. बाबा, लातूरचं काय, एवढं म्हणतील. हे मान खाली घालून बसले होते, आणि खाली घातलेल्या त्या तोंडावर आनंद मावत नव्हता. वाईट केलं असतं, कच्चं शिकवलं असतं, काठावर पास केलं असतं, तर मी लातूरला गेले असते. मी फार चांगलं शिकवलं होतं. मागच्या दारी जाऊन मी विहिरीतून पाणी काढत बसले, गरज नसताना, रहाटाच्या आवाजात रडलेलं कळत नाही म्हणून.

हे गेले. पत्रं यायची ती मामंजींच्या नावानं. बायकोच्या नावानं पत्र टाकायची रीत नव्हती. पावसाळा संपता संपता एक पत्र आलं. मामंजींनी मोठ्यानं वाचलं. तब्येत ठीक, जेवण तिखट, आणि शेवटी, "घरात विचारून कळवावे. बुरुजावरून दगड सोडला. पडताना शेवटच्या एका सेकंदात तो एकशे बारा फूट पडला. तर बुरूज किती उंच? इथे कुणाला सुटत नाही."

'घरात' म्हणजे मी. ह्यांना माझी आठवण झाली ती अशी.

सोपं होतं. पडणारा दगड पहिल्या सेकंदात सोळा फूट पडतो, दुसऱ्यात सोळाच्या तिप्पट, तिसऱ्यात पाचपट, चौथ्यात सातपट. सोळा साते एकशे बारा. म्हणजे चारच सेकंद. चारही सेकंदांची बेरीज केली की झालं. माझ्या हातातली भाजी चिरून व्हायच्या आत ते झालं होतं. मी उंबरा ओलांडला आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मामंजींच्या समोर, पदर सावरून का होईना, उभी राहिले.

"उत्तर आलंय मला," मी म्हटलं. "पण ते पत्रात देणार नाही. मला तिथं पाठवा, तिथं सांगेन. तुम्ही बिऱ्हाडाचा शब्द दिला होता."

आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. मामंजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आत जा, सूनबाई," एवढंच म्हणाले.

पत्र लिहिताना शब्द तोंडानं म्हणायची मामंजींना कचेरीपासूनची सवय. संध्याकाळी ते ओसरीत लिहायला बसले आणि मी आत ऐकत राहिले. इकडील सर्व क्षेम. पाऊस बरा. मग जरा थांबून, "तू पाठविलेला हिशेब घरात विचारला. तो तिला जमला नाही."

बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं, पण माझ्या पायांनी तो उंबरा दिवसात दोनदा ओलांडायला नकार दिला. त्यानंतर एकाही पत्रात सवाल आला नाही. निजामाचं राज्य गेलं तेव्हाही मी त्याच चुलीपुढं होते. बिऱ्हाड झालं ते सहा वर्षांनी, मामंजींच्या माघारी.

हे पुढं शिकवायला लागले, चांगले शिक्षक म्हणून नावाजले. आमच्याकडं पाहुणे जमले की हे मोठ्या कौतुकानं माझी गोष्ट सांगायचे. धोब्याची पाटी, उंबऱ्यावरचे मामंजी, सगळं. ते कौतुक खोटं नव्हतं. एकदा असंच चार माणसांत सांगून झालं आणि हे हसत म्हणाले, "हिला सगळं यायचं. बुरुजाचं एक गणित तेवढं जमलं नाही बिचारीला."

मी चहा ओतत होते. किटली खाली ठेवली.

"दोनशे छप्पन फूट," मी म्हटलं.

ह्यांनी क्षणभर हिशेब केला असावा, ओठ हलले. मग तोंडावरचं हसू गेलं. "मग तेव्हा कळवलं का नाहीस?"

"उत्तर आलंय, एवढं मामंजींना सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्याच्या बदल्यात मी बिऱ्हाड मागितलं होतं."